कर्करोग नोंदणी: सॉफ्टवेअर फुकट, प्रशिक्षणही मिळतं, मग आशियात अडतं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या चार देशांनी मिळून कर्करोग नोंदणीची क्षमता उभी करायची, असा तीन वर्षांचा प्रस्ताव लिहायचं काम तुमच्याकडे आलं आहे. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, प्रशिक्षण द्यायला आंतरराष्ट्रीय संस्था तयार आहेत, आरोग्य मंत्रालयांना आकडे हवेच आहेत. तरी इतक्या वर्षांत बऱ्याच ठिकाणी भरवशाची नोंदणी का उभी राहिली नाही? देशांनी एकत्र आल्याने खरंच फरक पडतो, की कार्यशाळा होतात आणि प्रमाणपत्रं वाटली जातात? आणि पहिल्या वर्षाअखेर निधी देणाऱ्या संस्थेला दाखवायला हातात काय असेल?

मी महाराष्ट्रात वीसेक वर्षं लोकसंख्येवर आधारित नोंदणीचं काम केलं आहे आणि गेली काही वर्षं शेजारच्या देशांतल्या नोंदणी कर्मचाऱ्यांना शिकवते. जे लिहिते आहे ते त्या कामातून आलेलं आहे. तुमचे चार देश कोणते ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळल्यावर यातल्या काही गोष्टी बदलतील, त्या कोणत्या तेही सांगते.

आधी एक फरक, कारण प्रस्तावांमध्ये गोंधळ होतो तो इथेच. रुग्णालयातली नोंदणी सांगते की आमच्याकडे कोण आलं. लोकसंख्येवर आधारित नोंदणी सांगते की या ठरावीक भागात राहणाऱ्यांपैकी या वर्षी किती जणांना कर्करोग झाला, मग ते उपचाराला कुठेही गेलेले असोत किंवा कुठेच न गेलेले असोत. पहिलीला एक रेकॉर्ड रूम पुरते. दुसरीला त्या भागातली प्रत्येक पॅथॉलॉजी लॅब, लहानमोठी रुग्णालयं, रेडिओथेरपीची केंद्रं, मृत्यू नोंदणीचं कार्यालय, आणि भागाबाहेरची ती मोठी रुग्णालयं जिथे लोक जातात, एवढं सगळं धरावं लागतं. धोरण ठरवायला सरकारला दुसरी हवी असते आणि मंजूर झालेला पैसा बहुधा पहिलीपुरता असतो. तुमच्या प्रस्तावात 'नोंदणी' हा शब्द जिथे जिथे आला आहे, तिथे या दोनपैकी कुठली हे आधी लिहून काढा.

आता मूळ प्रश्न, अडतं कुठे? माझ्या मते अडतं ते केसपेपर उघडून बसणाऱ्या माणसापाशी. प्रस्तावात 'क्षमता' म्हणजे इतक्या लोकांना प्रशिक्षण दिलं, इतके संगणक दिले. माझ्या दृष्टीने क्षमता म्हणजे रोज सकाळी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन दुपारपर्यंत आठ-दहा नोंदी बरोबर उतरवून आणणारा, आणि पुढची दहा वर्षं तेच काम करत राहणारा माणूस. आपल्याकडे त्याला सोशल इन्व्हेस्टिगेटर म्हणतात, कुठे फील्ड स्टाफ म्हणतात, कुठे नुसतं 'रजिस्ट्रीवाले'. सगळ्या आकडेवारीचा पाया तोच घालतो, आणि अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, सगळ्यात कमी पगारात असतोही तोच.

त्याचं काम काय असतं ते जवळून दाखवते. समोर पॅथॉलॉजीचा कागद आहे: अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष, यकृताची बायोप्सी, निदान 'मेटास्टॅटिक अ‍ॅडिनोकार्सिनोमा'. नवा माणूस 'यकृत' वाचतो आणि आयसीडी-ओच्या, म्हणजे कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या पुस्तकातून सी२२.० हा यकृताचा कोड लिहून पुढच्या कागदाकडे वळतो. नोंद पूर्ण दिसते. पण मेटास्टॅटिक म्हणजे हा कर्करोग दुसरीकडून यकृतात आलेला आहे. मग तो कुठला? केसपेपर उलटा चाळावा लागतो. चार पानं मागे कोलोनोस्कोपीचा कागद सापडतो, मोठ्या आतड्याच्या सिग्मॉइड भागात गाठ आहे. आता नोंद होते सी१८.७. तो कागद नसेलच, तर सी८०.९, म्हणजे मूळ स्थान अज्ञात, आणि पेशीप्रकार ८१४०/३. तिरप्या रेषेनंतरचा आकडा तीनच ठेवायचा. पसरलेल्या गाठीसाठी सहा हा आकडा पुस्तकात आहे, पण लोकसंख्येच्या नोंदणीत तो वापरत नाहीत, कारण आपण मूळ कर्करोग मोजत असतो. हा एक कागद झाला. असे वर्षाला शंभर कागद चुकले, तर त्या जिल्ह्यात यकृताचा कर्करोग जास्त आहे असं छापून येतं आणि पुढची पाच वर्षं लोक त्याची कारणं शोधत बसतात.

आणि इथेच शेजारच्या देशाचा उपयोग दिसतो. थायलंडच्या खोन केन भागात यकृतातल्या पित्तनलिकांचा कर्करोग खरोखरच जगात सर्वाधिक प्रमाणात आढळतो. कच्च्या माशांतून शरीरात जाणारा यकृतातला एक परजीवी कृमी त्याला कारणीभूत आहे. म्हणजे तक्त्याच्या एकाच रकान्यात फुगलेला आकडा खोन केनमध्ये खरा असतो आणि दुसरीकडे कोडिंगची चूक असू शकतो. हा फरक ओळखायला ज्याने दोन्ही प्रकारचे कागद हाताळले आहेत असा माणूस लागतो. खोन केनच्या किंवा चियांग माईच्या नोंदणीतला अनुभवी कर्मचारी शेजारच्या देशाच्या तक्त्यांवरून नजर फिरवतो आणि 'हे अर्धे कागद पुन्हा काढा' असं सांगू शकतो. मी ते समोर घडताना पाहिलेलं आहे. तसं सांगायला युरोपातल्या तज्ज्ञालाही येतं, पण त्याच्या देशात बहुतेक कागद पूर्ण असतात. कागद अपुरा असताना कुठे शोधायचं, हे त्याने फारसं केलेलं नसतं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो, फरक पडतो' असं आहे, फक्त सहकार्य कुणाचं कुणाशी आणि किती काळ, यावर सगळं अवलंबून आहे.

आशियात याची चौकट आधीपासून आहे. फ्रान्समधल्या ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, नोंदणी विकासाचा जागतिक उपक्रम सुरू केला तेव्हा त्याचं पहिलं प्रादेशिक केंद्र २०१२ च्या सुमारास मुंबईत, टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आलं. दक्षिण, पूर्व आणि आग्नेय आशिया त्याच्याकडे आहे; मध्य आणि पश्चिम आशियासाठी तुर्कस्तानातल्या इझमिरचं केंद्र आहे. कॅनरेग हे नोंदणीचं मोफत सॉफ्टवेअर आयएआरसीचंच. तुमच्या प्रस्तावात या केंद्राचं नाव नसेल तर तिथपासून सुरुवात करा, नवी समांतर चौकट उभारू नका. एक अडचण मात्र ध्यानात ठेवा: जागतिक आरोग्य संघटनेने आशियाचे अनेक प्रशासकीय विभाग केले आहेत. भारत, नेपाळ, भूतान, श्रीलंका, थायलंड एका विभागात. व्हिएतनाम, फिलिपाइन्स, कंबोडिया, लाओस दुसऱ्यात. तुमचे चार देश दोन विभागांत विभागलेले असतील तर पत्रव्यवहार दुप्पट होतो आणि मंजुऱ्यांना वेळ लागतो. तो वेळ वेळापत्रकात आधीच धरा.

शिकवणारा कुणाला करायचं? प्रस्तावांत सहसा सगळ्यात श्रीमंत देशाचं नाव येतं. दक्षिण कोरियाची केंद्रीय नोंदणी १९८० मध्ये रुग्णालयांपासून सुरू झाली आणि १९९९ पासून ती संपूर्ण देशाची आहे. तिथे प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक आहे, तो टाकला की रुग्णालय, विमा आणि मृत्यूची नोंद एका ओळीत येतात. सिंगापूरची नोंदणी १९६८ ची, आता तिथे माहिती कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. या दोघांकडून विश्लेषण शिकावं, रुग्ण किती वर्षं जगले ते कसं काढायचं हे शिकावं. क्रमांकच नसेल तर काय करायचं, हे ते शिकवू शकत नाहीत.

कारण क्रमांक नसला की जुळवणी नावावर येते. मराठी बाईचं माहेरचं आणि सासरचं नाव वेगळं. एका रुग्णालयात ती वडिलांच्या नावाने, दुसऱ्यात नवऱ्याच्या. ब्रह्मदेशात आडनाव ही गोष्टच नाही. भूतानमध्ये सोनम, त्शेरिंग ही नावं बाईचीही असतात आणि पुरुषाचीही, त्यामुळे नावावरून लिंग ओळखता येत नाही. इंडोनेशियात कित्येकांचं नाव एका शब्दात संपतं. एकच माणूस दोन रुग्णालयांतून दोनदा मोजला गेला तर आकडा फुगतो, आणि दोन वेगळी माणसं एक समजली गेली तर घटतो. आमच्याकडे आम्ही नाव, वय, गाव, कर्करोगाचं स्थान आणि निदानाची तारीख असं सगळं शेजारी ठेवून, संगणकाने सुचवलेली प्रत्येक जोडी डोळ्यांनी तपासतो. हे काम किचकट आहे, पण ते जमवलेल्या नोंदण्या आशियातच आहेत.

त्यातली मला सगळ्यात जवळची म्हणजे बार्शी. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये भारतातली पहिली लोकसंख्याधिष्ठित नोंदणी उभी केली. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून १९८२ पासून बंगळूर, चेन्नई आणि मुंबईची माहिती नियमित गोळा होऊ लागली. ही तिन्ही शहरं. खेड्यात काय चाललं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागात मृत्यूच्या कारणाची नोंद अपुरी, पॅथॉलॉजी दूर, लोक निदानाशिवायच जायचे. रुग्णालयात बसून नोंदी येणार नव्हत्या. म्हणून कर्मचारी ठरवून गावोगाव फिरले, सरपंच, शिक्षक, दाई यांच्याशी बोलले, लक्षणं समजावली आणि संशयित रुग्णाला तपासणीपर्यंत आणलं. नेपाळच्या किंवा लाओसच्या डोंगरी जिल्ह्याला सोलपेक्षा ही बार्शी जास्त जवळची आहे.

बार्शीचा पुढचा भाग मुद्दाम सांगते, कारण मंत्रालयातला अधिकारी 'नोंदणीचा उपयोग काय' असं विचारणारच. शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. त्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया होत्या, आणि निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे सिद्ध करायला प्रत्येक नवा रुग्ण आणि प्रत्येक मृत्यू वर्षानुवर्षं टिपत राहणं भाग होतं. तसं टिपणारी माणसं आणि पद्धत बार्शीच्या नोंदणीने आधीच तयार केली होती.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. पहिली गोष्ट मृत्यूची नोंद. चांगल्या नोंदणीत मृत्यू दाखल्यांची यादी ही आपण कुणाला गाळलं ते सांगणारी जाळी असते. दाखल्यावर कर्करोग लिहिला आहे आणि आपल्याकडे नाव नाही, म्हणजे मागे जाऊन शोधायचं. जिथे दाखल्यावर कारणच डॉक्टरने लिहिलेलं नसतं तिथे ही जाळी फाटकी आहे. भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी साधारण पाचांत एकाचंच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होतं. अशा ठिकाणी 'फक्त दाखल्यावरून कळलेल्या केसेस' कमी आहेत म्हणून नोंदणी उत्तम, असा निष्कर्ष काढू नका. दाखलेच नसतील तर ते प्रमाण आपोआप कमी दिसतं. तसंच सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झालेल्या केसेस ९८ टक्के असतील तर मला आनंद होण्याऐवजी काळजी वाटते: बायोप्सी न झालेले मेंदूचे, फुप्फुसाचे, यकृताचे रुग्ण गेले कुठे? ती नोंदणी बहुधा फक्त पॅथॉलॉजी लॅबपर्यंतच पोचलेली असते.

दुसरी गोष्ट भागाची निवड. सगळ्यांना संपूर्ण देश हवा असतो. भूतानसारख्या आठेक लाख वस्तीच्या देशात ते शक्य आहे, आणि भूतानने तेच केलं. इतरत्र माझा सल्ला असतो की दहा ते वीस लाखांचा असा भाग घ्या ज्याची सीमा स्पष्ट आहे आणि ज्याची जनगणना आहे. भारताचा २०२२ चा अंदाज दर लाखामागे वर्षाला सुमारे शंभर नवे रुग्ण असा आहे, म्हणजे दहा लाखांच्या भागात हजारेक नोंदी. एवढ्या नोंदी चार-पाच माणसं नीट सांभाळू शकतात. भारतातसुद्धा लोकसंख्येच्या साधारण दहा टक्के भागावरच अशा नोंदण्या आहेत. उरलेल्या नव्वद टक्क्यांचा अंदाज त्यावरूनच करतात, आणि नमुन्याचा भाग नीट निवडलेला असेल तर ते चालतं. जनगणनेचं मात्र कुणी आधी पाहत नाही. भागाकारात खालचा आकडा चुकला की वरच्याच्या अचूकपणाचा उपयोग नाही. भारतात २०११ नंतरची जनगणना वेळेवर झाली नाही, आणि वेगाने वाढलेल्या शहरांत आम्हाला तो फटका दर वर्षी जाणवतो.

तिसरी गोष्ट कायदा. 'आधी कायदा करा, मग नोंदणी' असं बरेच जण म्हणतात. जपानमध्ये मियागी, हिरोशिमा, नागासाकी, ओसाका इथल्या नोंदण्या पन्नास आणि साठच्या दशकांतल्या. सगळ्या रुग्णालयांना बांधणारा राष्ट्रीय कायदा २०१३ मध्ये झाला आणि २०१६ पासून लागू झाला. म्हणजे मधली अर्धशतकभराची नोंदणी विश्वासावर आणि चिकाटीवर चालली. भारतात काही राज्यांनी कर्करोग कळवणं बंधनकारक केलं आहे, पण आदेश निघाल्यावर खाजगी रुग्णालयं आपणहून कागद पाठवू लागली असं माझ्या पाहण्यात नाही. आमचा माणूस जिथे जात होता तिथूनच नोंदी आल्या. आदेशामुळे एवढं झालं की दारावर अडवलं गेल्यास दाखवायला त्याच्या खिशात एक कागद आला. तेवढ्यासाठी कायदा जरूर हवा, पण प्रस्ताव त्याच्यासाठी थांबवू नका.

आकडा कमी आला तर काय, हाही प्रश्न चारही देशांत येईल. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१६ च्या अहवालात मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांमध्ये वयानुसार समायोजित दर, म्हणजे सगळीकडे वयोरचना सारखी धरून काढलेला दर, लाखामागे २६९.४ होता, आणि उस्मानाबाद-बीडमध्ये ३९.५. जवळपास सातपटीचा फरक. तंबाखूचं प्रमाण, आहार, संसर्ग यांमुळे खरा फरक असतोच. पण किती खरा आणि किती निदानच न झाल्यामुळे, हे आकड्याकडे नुसतं पाहून सांगता येत नाही. मी अशा वेळी तीन गोष्टी पाहते: मृत्यू आणि नव्या रुग्णांचं गुणोत्तर, सत्तरीपुढच्या वयात दर एकदम घसरतो का, आणि एका केसला सरासरी किती ठिकाणांहून माहिती आली. म्हातारी माणसं तपासणीला जातच नसतील तर वयाचा आलेख शेवटी खाली वळतो, आणि हे पहिल्या दोन वर्षांतच दिसू लागतं.

आता ज्या मुद्द्यावर मला तुमचा प्रस्ताव वेगळा झालेला पाहायला आवडेल, तो सांगते: सीमा ओलांडून जाणारे रुग्ण. भूतानचं सरकार गुंतागुंतीच्या रुग्णांना भारतात, कोलकाता आणि वेल्लोरला पाठवतं. नेपाळची सीमा खुली आहे, तराईतली माणसं उपचाराला भारतात येतात. बांगलादेशातूनही रुग्ण भारतीय रुग्णालयांत येत आले आहेत. या रुग्णांचं नोंदणीत काय होतं? आमच्या माणसाला त्यांचा केसपेपर मिळतो. पत्ता पाहतो, वर्षभर या भागात राहिलेला नाही, म्हणजे आपला रहिवासी नाही. नियमाप्रमाणे आपल्या मोजणीतून वगळतो, आणि नियम बरोबरच आहे. पण त्याच्या देशातल्या नोंदणीला तो कधी दिसलेलाच नसतो. निदान इथे, उपचार इथे, कागद इथे. तो माणूस दोन्हीकडून सुटतो. आणि सुटणारे हे वाटेल ते रुग्ण नसतात. ज्या कर्करोगांवर घरी उपचार नाहीत, तेच ठरावीक कर्करोग सुटतात. मग त्या देशाच्या अहवालात ते कमी दिसतात, आणि मंत्रालय म्हणतं की आपल्याकडे त्या उपचारांची गरज नाही.

पत्त्याची भानगड देशाच्या आतही तीच आहे. एका दुपारी मी एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंदी तपासत होते. एकाच गल्लीच्या, एकाच घरक्रमांकाच्या पत्त्यावर वर्षभरात एकोणीस कर्करोग रुग्ण होते. कर्मचाऱ्याने इमानदारीने सगळे 'स्थानिक' म्हणून नोंदले होते. जाऊन पाहिलं तर ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठीची धर्मशाळा. त्यानंतर आम्ही पत्ता विचारायची पद्धतच बदलली: 'पत्ता काय' असं न विचारता 'आजारी पडण्याआधी कुठे राहत होता, रेशन कार्ड कुठलं, मतदान कुठे करता' असं विचारायचं. हे प्रश्न लिहून दिलेला अर्ध्या पानाचा कागद मी आजही प्रत्येक प्रशिक्षणात वाटते आणि देशागणिक बदलून घेते.

सीमेपारच्या रुग्णांसाठी काय करता येईल? नावं एका देशातून दुसऱ्या देशात पाठवणं कायद्याने आणि नीतीनेही अवघड आहे, त्या वाटेला लागू नका. उलट दिशेने जा. भूतानमध्ये बाहेर पाठवलेल्या रुग्णांची सरकारी यादी असते. ती यादी आणि रुग्णाने परत आणलेले कागद त्याच्याच देशाच्या नोंदणीने मिळवायचे. उपचार करणाऱ्या देशाच्या नोंदणीने फक्त ढोबळ तक्ता द्यायचा: अमुक वर्षी अमुक देशाचे, अमुक स्थानाच्या कर्करोगाचे इतके रुग्ण. नाव नाही, गाव नाही. घरच्या नोंदणीकडे तेवढे नसतील तर किती सुटतात ते लगेच कळतं. हे काम एकेकट्या देशाला जमणार नाही, म्हणूनच प्रादेशिक प्रस्तावात ते शोभतं.

त्यापलीकडे वैयक्तिक माहिती एकत्र करण्याची अट प्रस्तावात घालू नका असं मी आग्रहाने सांगेन. 'सगळ्यांचा एकच डेटाबेस' असं वाक्य दिसलं की मंत्रालयं मागे सरतात, आणि त्यांचं चुकतं असंही मी म्हणणार नाही. याआधी आपली माहिती देऊन दुसऱ्याच्या लेखात तळटीप होण्याचा अनुभव त्यांना आलेला असतो. माहिती प्रत्येकाची प्रत्येकाकडेच राहू द्या. समान ठेवा ती कोडिंगची पद्धत, रहिवासी कोणाला म्हणायचं त्याची व्याख्या, निदानाची तारीख कोणती धरायची तो नियम. पहिला अहवाल त्या देशाच्या लोकांच्या नावाने निघू द्या.

प्रशिक्षणाची रचना कशी असावी, यावर माझं मत ठाम आहे. पाच दिवसांची कार्यशाळा ओळखीसाठी ठीक. त्यानंतर तीन आठवडे शिकणाऱ्याने यजमान नोंदणीच्या रेकॉर्ड रूममध्ये बसायचं. आणि सहा महिन्यांनी शिकवणाऱ्याने त्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जायचं. ही परतफेरी पैसे कमी पडले की सगळ्यात आधी कापली जाते, आणि माझ्या अनुभवात खरा फरक तिनेच पडतो. कारण तेव्हाच कळतं की कपाटाची किल्ली एका बाईंकडे आहे आणि त्या दुपारी दोनला जातात, किंवा पॅथॉलॉजीचे अहवाल महिन्याने फाडले जातात, किंवा डॉक्टर स्थानिक भाषेत लिहितात आणि कर्मचाऱ्याला इंग्रजी पुस्तकातून कोड शोधावा लागतो. तिथे बसून दोघांनी तेच पन्नास केसपेपर एकमेकांचं न पाहता उतरवायचे आणि मग शेजारी ठेवायचे. किती ठिकाणी स्थान जुळलं, किती ठिकाणी तारीख, किती ठिकाणी पेशीप्रकार. भांडणं होतात, चांगली होतात. मीही त्यात अनेकदा चुकलेली आहे, आणि दुरुस्त्या मला ज्यांना शिकवायला गेले होते त्यांनीच दाखवल्या आहेत.

पैशाचं थोडक्यात: चार संगणकांऐवजी दोन घ्या आणि उरलेल्यातून पगार द्या. तीन वर्षांनंतर त्या पदांचा पगार कोण देणार, याचं सही झालेलं पत्र पहिल्या वर्षीच मागा. एका नोंदणीत मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी शिकवलेल्या पाचांपैकी एकही माणूस तिथे नव्हता. कंत्राटं संपली होती, सगळी माहिती निवृत्त झालेल्या प्रमुखांच्या संगणकात होती आणि तिची दुसरी प्रत कुणाकडे नव्हती. सात वर्षांच्या नोंदी होत्या त्या. काही पुन्हा उतरवता आल्या, बऱ्याच नाही. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी आधी विचारते की प्रत कुठे ठेवता आणि दुसरं कोण उघडू शकतं.

राहिला शेवटचा प्रश्न, पहिल्या वर्षाअखेर काय दाखवायचं. कर्करोगाचा दर दाखवायचं कबूल करू नका. सुरुवात केल्यापासून छापण्याजोगा दर यायला तीन ते पाच वर्षं लागतात. पाच खंडांतल्या नोंदण्यांचे आकडे देणारा आयएआरसीच्या ग्रंथमालेचा बारावा ग्रंथ २०२३ मध्ये आला आणि त्यातली माहिती २०१३ ते २०१७ ची आहे, इतका वेळ प्रस्थापित नोंदण्यांनाही लागतो. पहिल्या वर्षाअखेर प्रत्येक देशाकडून तीन कागद मागा. एक, त्या भागात कर्करोगाचं निदान किंवा उपचार होऊ शकतील अशा प्रत्येक जागेची यादी, आणि त्यातल्या किती ठिकाणी आपला माणूस प्रत्यक्ष जाऊन आला. दोन, त्या पन्नास केसपेपरांच्या तुलनेचा तक्ता, चुका न लपवता. तीन, नोंदणीत काम करणाऱ्यांची नावं आणि प्रत्येकाचं कंत्राट कधी संपतं ती तारीख. निधी देणाऱ्यांना हा तिसरा कागद आधी विचित्र वाटेल. दुसऱ्या वर्षी तोच ते सगळ्यात आधी उघडतील.

देशांची नावं आणि प्रत्येक ठिकाणी मृत्यू नोंदणी कुणाच्या ताब्यात आहे एवढं कळवलंत, तर कुठल्या दोन नोंदण्यांची जोडी लावावी याबद्दल मला जास्त नेमकं सांगता येईल.